एलईडी आहे, मग बाहुल्यांचा रंग का उडतोय?

शोकेसमध्ये बाहुल्या, लाकडी खेळणी, मातीच्या मूर्ती, मुलांच्या कार्टूनच्या फिगर्स मांडणाऱ्यांमध्ये एक संदेश बरीच वर्षं फिरतोय. त्याचा आशय असा: एलईडीत अतिनील किरण नसतात, त्यामुळे रंग उडत नाही. एलईडी थंड असते, त्यामुळे कपाटात कितीही पट्ट्या लावा. पांढराशुभ्र प्रकाश घ्या, पिवळ्या प्रकाशाने वस्तू पिवळ्या पडतात. कपाटाला काच असेल तर खिडकीचीही काळजी नको. आणि दिवे चोवीस तास चालू ठेवा, म्हणजे बुरशी येत नाही आणि एलईडीही टिकते.

मी हे सगळं खरं मानून आईच्या शोकेसमध्ये पट्टी लावली होती. तिथे सावंतवाडीची लाकडी फळं आहेत, तंजावरची मान डोलावणारी बाहुली आहे, मातीची एक भाजीवाली आहे. तीन वर्षांनी साफसफाई करताना भाजीवालीला उचललं. समोरून तिचं लुगडं फिकट, मळकट पांढरं दिसत होतं. वळवून पाहिलं तर पाठीमागच्या निऱ्यांत राणी रंग जसाच्या तसा होता. टोपलीखाली, जिथे सावली पडायची, तिथेही होता. त्या दिवसापासून हा संदेश कुणी पाठवला की मी गप्प बसत नाही.

अतिनील नाही, म्हणून रंग उडत नाही

यातलं पहिलं अर्धं वाक्य खरं आहे. नेहमीच्या पांढऱ्या एलईडीत निळा प्रकाश देणारी चिप असते आणि तिच्यावर पिवळसर फॉस्फरचा थर असतो. निळ्याचा काही भाग हा थर पिवळ्यात बदलतो आणि दोन्ही मिसळून आपल्याला पांढरं दिसतं. त्या निळ्या चिपसाठीच अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. या प्रकाशात अतिनील जवळजवळ नसतंच. (फिगर्स चमकवायला ज्या जांभळ्या ‘ब्लॅकलाइट’ पट्ट्या विकतात, त्या मात्र अतिनीलच्या उंबरठ्यावरच्या असतात. त्या शोकेसमध्ये लावूच नका.)

चूक आहे ती ‘म्हणून’ या शब्दात. राणी रंग आपल्याला राणी का दिसतो? कारण तो हिरवा प्रकाश गिळतो आणि बाकीचा परत पाठवतो. म्हणजे रंग दिसण्यासाठीच रंगद्रव्याला दृश्य प्रकाश शोषावा लागतो, आणि ती शोषलेली ऊर्जा हळूहळू त्याच्या रेणूंची मोडतोड करते. अतिनील किरण हे काम जास्त वेगाने करतात, पण ते काढून टाकले म्हणून काम थांबत नाही. गेरू, काव, काजळी हे रंग पक्के असतात, त्यांना फारसं काही होत नाही. चटकदार गुलाबी, जांभळे आणि काही पिवळे रंग सगळ्यात आधी जातात. माझ्या भाजीवालीच्या टोपलीचा गेरू जागच्या जागी होता, गेलं ते लुगडं.

संग्रहालयं अतिनील गाळून झाल्यावरही उजेड मोजूनच देतात, ते याचसाठी. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात माणसांचे पेहराव आणि व्यवसाय दाखवणाऱ्या मातीच्या छोट्या रंगीत मूर्ती आहेत. अशा मूर्तीचा रंग गेला तर पागोटं कुणाचं आणि लुगडं कुठलं हेच कळेनासं होईल. घरातल्या बाहुलीचंही तेच आहे, आणि तिला परत रंगवलं की ती जुनी बाहुली राहत नाही.

चोवीस तास चालू ठेवा

हा सल्ला सगळ्यात घातक, म्हणून क्रम सोडून आधी घेते. हानी ठरते ती उजेड गुणिले वेळ या हिशोबाने. प्रकाशाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने, म्हणजे सीआयईने, २००४ मध्ये संग्रहालयांसाठी मर्यादा सुचवल्या. लक्स हे उजेड मोजायचं एकक, आणि त्याला तासांनी गुणलं की लक्स-तास. लवकर फिकट होणाऱ्या वस्तूंना वर्षाला १५,००० लक्स-तास, मध्यम वस्तूंना १,५०,०००, आणि बऱ्यापैकी टिकाऊ वस्तूंना ६,००,०००.

आता घरचं गणित करा. कपाटात २०० लक्स उजेड आहे आणि दिवा दिवसरात्र चालू आहे. २०० गुणिले २४ गुणिले ३६५ म्हणजे १७,५२,००० लक्स-तास. टिकाऊ वस्तूंच्या मर्यादेच्याही जवळजवळ तिप्पट! तोच उजेड १०० लक्सवर आणला आणि संध्याकाळी फक्त तीन तास ठेवला, तर वर्षाला १,०९,५०० होतात. कपाट तेच, बाहुल्या त्याच, मार सोळापट कमी. लक्स मोजायला मोबाइलमधलं अ‍ॅप अंदाजापुरतं चालतं. फोन बाहुलीच्या जागी, स्क्रीन दिव्याकडे करून ठेवायचा.

चालू-बंद केल्याने दिवा लवकर जातो, ही भीती ट्यूबलाइट आणि सीएफएलच्या काळातली. एलईडीला तो त्रास तसा नाही. बुरशीबद्दल म्हणाल, तर दिव्याच्या उबेने हवा थोडी कोरडी होते हे खरं. पण त्यासाठी रंग घालवणं म्हणजे रोगापेक्षा औषध भयंकर. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, त्या वेळेवर बदला आणि कपाट ओलसर भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.

एलईडी थंड असते

हॅलोजनच्या तुलनेत थंड, एवढंच खरं. पन्नास वॅटच्या हॅलोजन फोकसला हात लावला तर भाजतं. एलईडीची उष्णता उजेडासोबत समोर फेकली जात नाही, ती पट्टीच्या पाठीत साठते. मीटरला १४.४ वॅटची पाच मीटरची पट्टी म्हणजे ७२ वॅट. त्यातला निम्म्याहून जास्त भाग लगेच उष्णता होतो, आणि बंद कपाटात उरलेला उजेडही बराचसा तिथेच जिरून उष्णताच होतो. पीव्हीसीच्या फिगर्सना हे सोसत नाही. माझ्या मुलाची एक फिगर वरच्या कप्प्यात, पट्टीच्या अगदी खाली उभी होती. ती घोट्यांतून पुढे झुकत झुकत एके दिवशी काचेला कपाळ टेकून उभी दिसली. प्लॅस्टिक मऊ ठेवणारं द्रव्य उबेने बाहेर येतं तेव्हा अंग चिकट होतं आणि त्यावर धूळ बसते ती वेगळीच.

पट्टी अ‍ॅल्युमिनियमच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे लांब पन्हळीसारख्या खाचेत, बसवा. नुसत्या गोंदावर चिकटवलेली पट्टी गरम होऊन सुटते आणि खालच्या वस्तूवर लोंबते. अ‍ॅडॅप्टर कपाटाबाहेर हवा. १२ व्होल्टवर ७२ वॅट म्हणजे ६ अँपिअर, आणि दुकानदार अनेकदा हाती देतो तो २ अँपिअरचा. तो तापतो, वायर तापते, आणि मागे प्लायवुड असतं. ७ ते ८ अँपिअरचा घ्या आणि त्यावर बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची, खूण व ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. खरं तर शोकेसला एवढी जोरदार पट्टी लागतच नाही. मीटरला ४.८ वॅटची, उजेड कमी-जास्त करणारा डिमर लावलेली, पुरते.

पिवळ्या प्रकाशाने वस्तू पिवळ्या पडतात

पिवळा प्रकाश वस्तू पिवळी दाखवतो, पिवळी करत नाही. दिव्याची छटा केल्विनमध्ये सांगतात, आकडा जेवढा मोठा तेवढा प्रकाश पांढरा-निळसर. उलट ६५०० केल्विनच्या पांढऱ्याशुभ्र दिव्यात निळ्याचा वाटा जास्त, आणि निळ्या प्रकाशात ऊर्जा जास्त. २७०० ते ३००० केल्विनचा, सीआरआय (रंग किती खरे दिसतात ते सांगणारा आकडा) ९० च्या वरचा घ्या. कमी उजेडातही रंग नीट दिसतात.

काच असली की खिडकीची काळजी नको

साधी काच अतिनीलचा अधिक तीव्र भाग अडवते, पण ३२० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचा, कमी तीव्र भाग बराचसा आत सोडते, आणि दृश्य प्रकाश तर जवळजवळ सगळाच. भर दुपारचं थेट ऊन सुमारे १ लाख लक्स असतं. गॅलरीतून तिरकं येणारं ऊन त्याच्या निम्मं धरलं, तरी तीन तासांत मध्यम वस्तूची वर्षभराची मर्यादा संपते. पश्चिमेच्या खिडकीसमोर शोकेस असेल तर दिव्याची चर्चा नंतर करा, आधी कपाट दुसऱ्या भिंतीशी हलवा. ते जमत नसेल तर जाड पडदा लावा.

एवढं वाचूनही कुणाला वाटेल की आमच्या कपाटात असं काही होत नाही. त्यांनी पतंगाच्या गुलाबी कागदाची एक पट्टी कापावी, अर्धी अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये घट्ट गुंडाळावी आणि बाहुल्यांच्या शेजारी उभी करावी. मागे तारीख लिहून ठेवा. सहा महिन्यांनी फॉइल काढा.