राजाचा शब्द आणि राजाचा डाव

‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेतील उत्तरेचा सरदार आणि राजाचा प्रधान नेड स्टार्क याचे डोके धडावेगळे झाले ते त्याच्या प्रामाणिकपणामुळे, हे मत आमच्या कोल्हापुरातील वाचनवेड्या मंडळींत इतक्या सहजपणे मांडले जाते की त्यावर कोणी प्रतिप्रश्नही करीत नाही. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ पाहिलेल्या माणसाने त्यातून एकच धडा घ्यायचा असतो, तो म्हणजे राज्य करायचे असेल तर कावेबाजच व्हायला हवे आणि शब्द पाळणाऱ्या भल्या माणसाचे दरबारात काम नाही, अशी जणू सर्वांची समजूत झाली आहे. मला हा निष्कर्ष मुळातूनच अमान्य आहे. ही मालिका ज्यांवर बेतली आहे त्या जॉर्ज मार्टिन यांच्या कादंबऱ्या पाचव्या भागापर्यंत वाचल्या, तर त्या कथेचा कल याच्या उलट दिशेला आहे असे मला ठामपणे वाटते.

नेडने नेमके काय केले ते आधी पाहू. राणी सर्सीची मुले राजाची नाहीत हे समजल्यावर त्याने तिला एकांतात गाठून मुलांना घेऊन निघून जाण्यास सांगितले, कारण राजाच्या कानावर ही गोष्ट गेली तर त्या लेकरांचे काय होईल हे तो पुरते जाणून होता. ही दया होती आणि तिच्याबद्दल त्याला दोष देण्याचे धाडस मला होत नाही. त्याचा घात झाला तो दुसरीकडे. स्वतःच्या रक्षकांपैकी काही जणांना त्याने आधीच एका मोहिमेवर धाडले होते, आणि शहराच्या शिपायांना आपल्या बाजूला वळविण्याचे काम त्याने अशा माणसावर सोपविले होते, ज्याने माझ्यावर विश्वास ठेवू नकोस असे त्याला तोंडावर सांगितले होते. याला ढिलाई म्हणावे. सचोटी आणि ढिलाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकीच्या नावावर दुसरीचा गुन्हा नोंदविणे हा अन्याय आहे.

२०११ मध्ये आलेल्या पाचव्या भागात नेडला जाऊन बराच काळ लोटलेला आहे, त्याच्या घराण्याची वाताहत झालेली आहे, आणि तरीही उत्तरेच्या डोंगरांतील टोळीवाले गुडघाभर बर्फ तुडवीत निघतात, ते केवळ नेडच्या लेकीला सोडवायचे म्हणून. मेलेल्या राजपुरुषाकडून त्यांना कसले इनाम मिळणार होते? उलट ज्या फ्रे घराण्याने भाकरी आणि मीठ देऊन घरात घेतलेल्या पाहुण्यांची, म्हणजे नेडचा मुलगा रॉब आणि त्याच्या माणसांची, लग्नघरातच कत्तल केली, त्या घराण्याच्या शब्दाला पुढे कवडीचीही किंमत राहत नाही. त्यांच्याशी सोयरीक करणारेसुद्धा त्यांच्याकडे तिरस्कारानेच पाहतात.

याच भागातील उत्तरेचा एक सरदार वायमन मँडरली हे पात्र मला सर्वांत मोलाचे वाटते. त्या कत्तलीत त्याचा एक मुलगा मारला गेलेला असतो आणि दुसरा शत्रूच्या कैदेत असतो, म्हणून तो आपल्या वाड्यावर उतरलेल्या तीन फ्रे पाहुण्यांशी महिनोन्महिने हसून बोलतो, त्यांना खाऊपिऊ घालतो आणि नातीचा साखरपुडाही त्यांच्या घराण्यात करून देतो. मुलगा परत मिळाल्यावर मात्र तो निरोपाच्या वेळी त्या तिघांना रीतसर पाहुण्यांची भेट म्हणून घोडे देतो, म्हणजे पाहुणचाराचे बंधन तिथे संपते. ते तिघे पुढच्या मुक्कामी कधीच पोहोचत नाहीत. पुढे एका लग्नात मँडरली तीन भल्यामोठ्या कचोऱ्या पंगतीत वाढायला लावतो आणि त्यांत काय असावे हे लेखक वाचकाला ओळखू देतो. सूड भयंकर आहे, त्याचे समर्थन मी करणार नाही. पण इतका कमालीचा कावेबाज माणूससुद्धा पाहुणचाराची मर्यादा मोडत नाही, ती संपेपर्यंत थांबतो, ही बाब लेखकाने मुद्दाम जपली आहे.

कपटाला चालण्यासाठी कोणाची तरी सचोटी लागतेच, हे आपल्याकडे महाभारताने फार पूर्वी दाखवून ठेवले आहे. अश्वत्थामा मेल्याची आवई उठल्यावर द्रोणाचार्यांनी खात्री करून घेण्यासाठी युधिष्ठिरालाच विचारले, कारण तो खोटे बोलणार नाही याबद्दल त्यांना शंका नव्हती. जन्मभर साठविलेली पुंजी एका वाक्यात खर्च झाली आणि जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. युद्ध जिंकले गेले, पण व्यासांनी तो रथ पुन्हा वर उचलला नाही.

कोल्हापूरकरांना या प्रश्नासाठी लांब जाण्याचे कारण नाही. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा शिवरायांनी शरणागतीची बोलणी लावून वेढा सैल पाडला आणि जुलैच्या मुसळधार पावसात रात्री गड सोडला. हा डावच होता आणि त्याला डाव म्हणण्यात कमीपणा नाही. वेढा घालून बसलेल्या शत्रूला कोणी अभय दिलेले नव्हते, त्याचे मीठ खाल्लेले नव्हते. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते असे, की राजांच्या वेषात पालखीत बसणारे शिवा काशीद आणि घोडखिंडीत उभे राहिलेले बाजीप्रभू या दोघांनाही आपण कशासाठी जात आहोत हे ठाऊक होते. आपल्या माणसांना अंधारात ठेवून रचलेला तो डाव नव्हता. टॉल्किन यांच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कथेतला राजा अ‍ॅरागॉर्नही शत्रूचे लक्ष वळविण्यासाठी मूठभर सैन्य घेऊन त्याच्या दारावर जातो, पण वाटेत ज्यांचा धीर सुटतो त्यांना झेपेल असे दुसरे काम देऊन सन्मानाने पाठवितो आणि स्वतः आघाडीवर राहतो.

आता जे लिहितो ते जपून लिहितो, कारण महाराणी ताराराणींविषयी मला नितांत आदर आहे. १७०० पासून सात वर्षे औरंगजेबासारख्या बादशहाला त्यांनी दाद दिली नाही, हे कर्तृत्व फार थोड्यांच्या वाट्याला आले आहे. त्यांच्याच उतारवयातील एक प्रसंग मला अस्वस्थ करतो. आपला नातू म्हणून ज्या रामराजांना त्यांनी पुढे आणले आणि जे शाहू महाराजांच्या पश्चात साताऱ्याच्या गादीवर बसले, त्यांनाच १७५० मध्ये त्यांनी किल्ल्यात कैद केले, आणि पुढे १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबासमोर हा आपला नातू नव्हेच अशी शपथ घेतली. पेशव्यांच्या हाती गेलेली सत्ता परत मिळविण्याची त्यांची तळमळ मी समजू शकतो. परंतु दोन परस्परविरोधी ग्वाह्यांपैकी खरी कोणती, हा प्रश्न उरला आणि त्याचा तोटा सोसावा लागला तो छत्रपतींच्या गादीला. कारभार पेशव्यांच्याच हाती राहिला.

म्हणून कल्पित राज्यांच्या कथा वाचताना कोणता राजा सरळ आणि कोणता धूर्त एवढ्यावर मी थांबत नाही. ज्याने विश्वास टाकला त्यालाच राजाने फसविले का, आणि डावाची किंमत ज्यांनी मोजली त्यांना तो डाव आधी सांगितला होता का, एवढे दोन प्रश्न मी प्रत्येक राजाला लावतो. रॉब स्टार्कसुद्धा या कसोटीला उतरत नाही. एका मुलीची अब्रू राखण्यासाठी त्याने लग्न केले हे उदात्त खरे, पण त्यासाठी फ्रे घराण्याला दिलेला शब्द मोडला, आणि त्याचे मोल त्याच्या मागे विश्वासाने आलेल्या सैनिकांनी आपल्या प्राणांनी चुकते केले.

मराठीत असे महाकाय कल्पित राज्य उभे करू पाहणाऱ्या तरुण लेखकांनी करवीरच्या गादीचा अठराव्या शतकातील इतिहास अवश्य वाचावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पन्हाळ्यावरच १७१४ मध्ये ताराराणींच्या सवत राजसबाईंनी ताराराणी आणि त्यांच्या मुलाला कैदेत टाकून स्वतःच्या मुलाला, संभाजीराजांना, गादीवर बसविले. त्याच संभाजीराजांनी १७३१ मध्ये साताऱ्याच्या शाहू महाराजांशी वारणेचा तह केला आणि दोन गाद्यांची हद्द ठरली. एकाच घरातील दोन राण्या, दोन चुलत भाऊ आणि मधून वाहणारी एक नदी, एवढ्या ऐवजावर पाच खंडांची कादंबरी निश्चित उभी राहू शकते, आणि ती कोणी लिहायला घेतली तर पहिल्या खंडाची प्रत आगाऊ पैसे भरून घेणाऱ्यांत माझे नाव असेल.