खोक्यात असताना गळत नव्हता

रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी फोन. "मिस्त्री, नळ गळतोय." नमस्कार नाही, झोपमोड झाली का वगैरे नाही. फोन बंद. आमच्या धंद्यात याला 'कम्प्लेंट' म्हणतात. नव्या कामाचा फोन करणारा माणूस आधी पोराबाळांची चौकशी करतो, कारण त्याला मजुरी पाडून घ्यायची असते. कम्प्लेंटवाल्याला ती गरज नसते. तो आधीच मालक झालेला असतो.

प्रकरण एवढंच, की छत्रपती संभाजीनगरच्या सिडको एन-९ मधल्या एका काकांच्या मुलाने बंगळुरूहून ऑनलाइन सिंक कॉक धाडला होता. काळाकुळकुळीत, हंसासारखी मान. गुरुवारी मी तो बसवून दिला, मजुरी साडेतीनशे. हातात घेतल्या घेतल्या बोललो होतो, "काका, हा पितळेचा वाटत नाही. फार हलका आहे." काका म्हणाले, "आता विमानंसुद्धा हलक्या धातूची असतात." विमानाला टाकीचं खारं पाणी प्यावं लागत नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही. मला उत्तरं नेहमी स्कूटरवर सुचतात.

गेलो. दार काकूंनी उघडलं.

"तुम्ही बसवल्यापासूनच गळतोय हो."

"काकू, मी बसवायच्या आधी तो खोक्यात होता."

"तेच म्हणतेय मी. खोक्यात असताना गळत नव्हता."

यावर काय बोलणार? धंद्यात बावीस वर्षं झाली, पण या वाक्याला लावायचा पाना मला अजून मिळालेला नाही. वस्तूला शेवटचा हात ज्याचा लागला, दोष त्याचा. कारखान्यात ओतणारा, पॉलिश करणारा, 'पास' म्हणून शिक्का मारणारा, गोदामवाला, कुरिअरवाला, सगळे सुटले. सापडलो मी, कारण माझा नंबर फ्रिजवर चिकटवलेला आहे.

नळात काय झालं होतं तेही सांगतो. या नव्या नळांत वॉशर नसतो. सिरॅमिकच्या दोन चकत्या असतात, एकमेकींवर घट्ट घासून बसणाऱ्या. भोकं समोरासमोर आली की पाणी सुरू, सरकली की बंद. चकत्या नीट घासलेल्या असतील तर नळ वर्षानुवर्षं चालतो. नसतील, किंवा मध्ये वाळूचा एक कण गेला, तर संपलं. म्हणून तर मी बसवण्याआधी लाइन दोन बादल्या मोकळी सोडतो. इथेही सोडली होती. (त्यावर काकू "पाणी वाया घालवताय" म्हणाल्या होत्या.) तरी गळतोय म्हणजे पार्टच खराब. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा म्हणतात; या सोनूबाईच्या हाती कथीलसुद्धा नसावं.

हे मी समजावून सांगत असताना पाठीमागून आवाज आला, "थेंब मोजले का?"

शेजारचे साहेब. पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त. पेपर वाचायला आले होते आणि नळ गळतोय म्हटल्यावर पेपर बाजूला ठेवून स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले होते. चेहऱ्यावर अशी कळा, की निवृत्तीनंतर पहिल्यांदाच खात्याने आठवण काढली.

त्यांनी घड्याळ काढलं. एक मिनिटभर कुणी बोलायचं नाही, अशी खूण केली. "साठ. म्हणजे सेकंदाला एक. वीस थेंबांचा एक मिलिलिटर. दिवसाला शहाऐंशी हजार चारशे थेंब. चार लिटर तीनशे वीस मिली." मग माझ्याकडे वळून, "जायकवाडीला सत्तावीस दरवाजे आहेत, मिस्त्री. सत्तावीस. पायाभरणी १९६५ साली शास्त्रीजींच्या हस्ते. तुम्हाला एक नळ बंद करता येत नाही?"

"साहेब, जायकवाडीचे दरवाजे ऑनलाइन मागवले नव्हते," असं मी म्हणालो, असं मी घरी सांगितलं. प्रत्यक्षात मी पान्याशी चाळा करत होतो.

साहेबांच्या सल्ल्याने कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लागला, स्पीकरवर. पलीकडच्या मुलीने सांगितलं, गळतीचा व्हिडिओ पाठवा. काकांनी मोबाइल धरला, साहेबांनी टॉर्च धरला, काकूंनी शिट्टीचा आवाज यायला नको म्हणून कुकरखालचा गॅस बंद केला.

आणि नळ थांबला.

दवाखान्यात पाय ठेवला की दाढ दुखायची थांबते, तसं. मी मघाशी दोनदा उघडून बंद केला होता, त्यात चकत्या जरा बऱ्या बसल्या असणार. तोटीच्या टोकाशी एक थेंब जमला, फुगला, लोंबला. आम्ही चौघं श्वास रोखून. थेंब तिथेच. घरात एखादं लहान मूल आजारी असावं आणि सगळ्यांनी त्याच्या तोंडाकडे बघत बसावं, तसे आम्ही त्या तोटीकडे बघत होतो. "पड की रे," काका पुटपुटले. ज्या थेंबासाठी मला रविवारी उठवलं, त्याच थेंबाची आता मनधरणी चालली होती.

"तुम्ही हात लावायला नको होता," साहेब हळू आवाजात म्हणाले. "पुरावा नष्ट झाला."

अकरा मिनिटांनी तो पडला. काकांनी इतक्या आनंदाने "पडला!" म्हटलं, की व्हिडिओत तेवढंच ऐकू येतं आणि मोबाइल हलल्यामुळे दिसते ती माझी चप्पल. दुसरा काढला. तो गेला एकदाचा.

मग त्या मुलीने विचारलं, "नळ कंपनीच्या अधिकृत टेक्निशियनने बसवला होता का?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. साहेब फोनजवळ वाकून स्पष्ट, कार्यालयीन आवाजात म्हणाले, "अधिकृत नाहीत. पण बोलावलं की येतात."

आज तीन दिवस झाले, हे वाक्य डोक्यातून जात नाही. आयटीआयचं सर्टिफिकेट आहे माझं. भिंतीवर लावलंय, काचेसकट. माझा जोडीदार ओडिशाच्या केंद्रापाड्याचा. तिकडचे प्लंबर देशभर पसरलेत, त्याच्या घरात काका, मामा, मेहुणे सगळे याच कामात. त्याला हे सांगितलं तर तो एवढा हसला, की हातातली टेफ्लॉनची टेप सुटून जिन्यावरून खाली गेली. आता कामावर मी हाक मारली की म्हणतो, "बुलाया तो आ गया."

कंपनीचा निकाल असा लागला. अनधिकृत माणसाने बसवल्यामुळे वॉरंटी लागू होत नाही, तरी ग्राहकाचं समाधान म्हणून सात ते दहा दिवसांत नवीन कार्ट्रिज, म्हणजे त्या चकत्यांची डबी, फुकट पाठवू. बसवण्याची मजुरी ग्राहकाची. यावर काका लगेच, "ती काळजी नाही. मिस्त्री बसवतील, त्यांचंच काम आहे."

म्हणजे तिसरी फेरी. पार्ट बनवणाऱ्याला त्याचे पैसे मिळाले, विकणाऱ्याला मिळाले, कुरिअरला दोनदा मिळतील, त्या मुलीला पगार आहे, साहेबांना पेन्शन आहे. शंभरी ओलांडलेलं पेट्रोल जाळून सेवाभावी संस्था चालवतो तो मी एकटा. बिलबुकावर मी छापून घेतलंय, 'गिऱ्हाइकाने आणलेल्या मालाची गॅरंटी नाही'. वर गणपती आहे. लोक बिल हातात घेऊन म्हणतात, गणपती छान आलाय.

माझ्या डॉक्टरांनी दाढेत भरलेलं सिमेंट महिन्यात निघालं. मी "तुम्ही भरल्यापासूनच निघालं हो" म्हणालो नाही. गेलो, तोंड उघडलं, पुन्हा पैसे दिले, वर थँक्यू म्हणालो.

आणि माझ्याही चुका होतात, नाही कशाला म्हणू? एकदा गारखेड्यात गीझरचा कनेक्शन पाइप जोडून घरी आलो, शर्टाच्या खिशात हात घातला तर त्याचा वॉशर खिशातच. रात्री साडेदहाला पळालो. भिंतीवरून पाणी निघालं होतं, शुद्ध माझी चूक. त्या घरातल्या आजींनी डोळ्यांत पाणी आणून "इतकी प्रामाणिक माणसं राहिली नाहीत" म्हटलं, चिवडा दिला आणि नको नको म्हणत असताना शंभरची नोट खिशात कोंबली. त्याच खिशात. स्वतःच्या चुकीचे शंभर मिळाले, कंपनीच्या चुकीची बोलणी मिळाली. या हिशेबाने मी दर महिन्याला दोन-चार वॉशर विसरायला हवेत.

रविवारी चहा मात्र मिळाला. तो पिताना काकूंनी खरा घाव घातला. "त्यापेक्षा आमचा जुना नळच परत लावा. वीस वर्षं होता, हूं की चूं नाही. कुठाय तो?"

गुरुवारी यांनीच "घेऊन जा ते भंगार" म्हटलं होतं. त्या जुन्या नळाला फक्त वॉशर हवा होता, तेही मी तेव्हाच सांगितलं होतं. पण मुलाने पाठवलेला हंस वाट बघत होता.

"भंगारात गेला, काकू," मी म्हणालो आणि चहा संपवला. कान गरम झाले, ते चहाने नव्हे.

तो नळ माझ्या घरी आहे. सिंकवर. अस्सल पितळ, हातात धरला की वजनाने मनगट खाली जातं. पाच रुपयांचा वॉशर घातला. बायकोने चिंच लावून घासला, आता देवघरातल्या समईशी स्पर्धा करतो. एका बोटाने बंद होतो. त्या रात्री त्याच्यासमोर उभं राहून मी एक गणित केलं. जायकवाडीत भरल्यावर २,९०९ दशलक्ष घनमीटर पाणी मावतं. साहेबांच्या हिशेबाने दिवसाला चार लिटर तीनशे वीस मिली गळालं, तर धरण रिकामं व्हायला साधारण एकशे पंच्याऐंशी कोटी वर्षं लागतील. आमच्या शहरात नळाला पाणी येण्याची वाट जशी दिवस मोजत बघतात, त्या मानाने हे काही फार नाही. बायको म्हणाली, "गणितं करत बसू नका. आणि हा नळ द्यायचा नाही, सांगून ठेवते."

आज पहाटे सहाला साहेबांचा व्हॉट्सअ‍ॅप आला. माझा नंबर त्यांनी काकांच्या फ्रिजवरून घेतला असणार. मोजपात्राचा फोटो, शेजारी फूटपट्टी, खाली ओळ: 'काल ४.३२ लि. आज ४.६० लि. विसर्ग वाढत आहे. माहितीस्तव.'

मी तो वरच्या पट्टीतच वाचलाय. निळी टिक अजून होऊ दिलेली नाही.