बॉडी बदलली म्हणून काय बिघडलं? मडगावच्या काकांना उत्तर

काका,

तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे, तिखट आहे, आणि मला आवडली. 'छान लेख ताई' यापलीकडे इथे सहसा कोणी जात नाही. तुम्ही निदान मुद्द्यांवर भांडलात, म्हणून उत्तरही सविस्तर देते.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी छंदाच्या ड्रोनचं वरचं तडकलेलं कव्हर काढून तिथे बाटलीच्या प्लास्टिकचं घरगुती कव्हर कसं बसवायचं ते लिहिलं होतं. काकांचं म्हणणं असं की हा नुसता नट्टापट्टा आहे. त्याने तोल बिघडतो, जीपीएस आंधळं होतं, कायद्यात हे बसत नाही. फुटलं तर सरळ नवीन घ्यावं, आणि असले उद्योग छापून पोरांना चिथावू नये. काकांनी एनसीसीच्या एअर विंगमध्ये बाल्साची विमानं बनवून उडवलेली आहेत, त्यामुळे त्यांचं बोलणं हवेतलं नाही हे आधीच कबूल करते.

आता एक खुलासा. सगळ्या ड्रोनची बॉडी एका जातीची नसते. काहींचे हात, म्हणजे मोटरपर्यंत जाणारे दांडे, बॉडीबरोबर एकसंध ओतलेले असतात. तिथे बॉडी हाच सांगाडा. ती बदलताना मोटरा, वायरी सगळं उपसावं लागतं, आणि नवी बॉडी जराशी जरी लवचीक निघाली तर मोटरांची थरथर थेट जायरोपर्यंत, म्हणजे ड्रोन किती आणि कुठे फिरतो ते मोजणाऱ्या चिपेपर्यंत, पोचते. दुसऱ्या जातीत सांगाडा वेगळा असतो आणि वरचं कव्हर चार स्क्रूंवर बसतं. मी लिहिलं ते या दुसऱ्या जातीबद्दल. पहिल्या जातीच्या ड्रोनवर घरगुती प्रयोग करा असं मी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही.

नट्टापट्टा हा शब्द मात्र मला मान्य नाही. कव्हर उतरवून बघा, आत त्याने किती कामं अंगावर घेतलेली असतात ते कळेल. एकच उदाहरण घेते, कारण त्यावर कोणी बोलत नाही. ड्रोन एका उंचीवर तरंगत राहतो तो मुख्यतः हवेचा दाब मोजून. त्यासाठी बोर्डावर तीन-चार मिलिमीटरचा बॅरोमीटर असतो. एक मीटर वर गेलं की दाब सुमारे १२ पास्कलने उतरतो, आणि एवढासा फरक तो टिपतो. आता गंमत बघा. ताशी १८ किलोमीटरचा वारा समोरून थेट त्याच्यावर आदळला तर तिथे साधारण १५ पास्कलचा जादा दाब तयार होतो. ड्रोनला वाटतं आपण मीटरभर खाली आलो, आणि तो वर उसळतो. झुळूक थांबली की खाली. दुपारी समुद्राकडून वारा सुटल्यावर 'माझा ड्रोन उड्या मारतो' म्हणून जे माझ्या दुरुस्तीच्या दुकानात येतात, त्यांच्यातल्या कित्येकांनी कव्हर बदलताना आतला स्पंजचा चिमुकला तुकडा कचरा समजून फेकलेला असतो. तो तुकडा वाऱ्याचा मार सोसतो आणि दाब तेवढा आत जाऊ देतो.

माझं कव्हर पारदर्शक आहे, म्हणून तिथे आणखी एक भानगड होते. काही बॅरोमीटर चिपांना थेट ऊन लागलं तरी आकडा भरकटतो. त्यामुळे स्पंज काळाच हवा, आणि मोकळ्या छिद्रांचा हवा. दाराच्या फटीला लावतात तो रबरी पट्टा चालणार नाही, तो हवाच अडवतो.

आता वजन. इथे तुमचा अंदाज उलटा आहे. माझ्या ड्रोनचं मूळ वजन बॅटरीसकट २४९ ग्रॅम. त्यात वरचं कव्हर २२ ग्रॅमचं. त्याच मापाचं कव्हर थ्रीडी प्रिंटरवर पीएलए नावाच्या प्लास्टिकमध्ये काढलं तर २०० चौरस सेंटिमीटरचा पत्रा एक मिलिमीटर जाडीचा धरून २५ ग्रॅम भरतं. म्हणजे एकूण २५२, आणि कायद्यातली २५० ग्रॅमची वेस ओलांडली. बाटलीचं प्लास्टिक ०.३ मिलिमीटरचं. तेवढ्याच मापाला ८ ग्रॅम. एकूण २३५. शिवाय पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. एप्रिलच्या उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीत असं छापील कव्हर ठेवलं की संध्याकाळी ते वाकडं तोंड करून बसलेलं सापडतं. छापायचंच असेल तर एबीएस प्लास्टिक घ्या. ते हलकंही आहे आणि तापाला टिकतंही.

तुम्ही लिहिलंय की वजन खाली हवं, वर कव्हराचा भार आला की ड्रोन उलटणार. विमानाच्या बाबतीत तुमचा अनुभव मी नाकारत नाही. बाल्साच्या ग्लायडरचे पंख वर उचललेले असतात, तो कलला तर स्वतःच्या आकारामुळे सावरतो. चार पंख्यांच्या ड्रोनला असली जन्मजात स्थिरता नसते. त्याचा जोर नेहमी त्याच्या स्वतःच्या 'वर'च्या दिशेने लागतो. तो कलला की जोरही तेवढाच कलतो, त्यामुळे खाली लटकवलेलं वजन त्याला लंबकासारखं परत सरळ करत नाही. रॉबर्ट गॉडर्डने १६ मार्च १९२६ ला द्रवइंधनाचं पहिलं रॉकेट उडवलं, त्यात इंजीन वरच्या टोकाला होतं आणि टाक्या खाली. पण इंजीन वर ठेवल्याने रॉकेट आपोआप सरळ राहत नाही हे पुढे कळलं, आणि पुढच्या रॉकेटांत ते खाली गेलं. ड्रोन सरळ राहतो तो जायरोचं ऐकून सेकंदाला शेकडो, कित्येक बोर्डांवर हजारो वेळा, मोटरांचा वेग बदलत राहिल्याने.

पुढे-मागे आणि डावी-उजवीकडचा तोल मात्र पाहावाच लागतो, तिथे तुमच्याशी माझं भांडण नाही. समोरासमोरच्या मोटरा जोडणाऱ्या दोन तिरक्या रेषा जिथे छेदतात, तिथे भार यायला हवा. तो मागे सरकला तर मागच्या दोन मोटरा सतत जास्त राबतात आणि तापतात. उतरल्या उतरल्या चारही मोटरांना बोट लावून बघायचं. दोन कोमट आणि दोन चटका देणाऱ्या असतील तर तोल चुकलेला आहे, वेगळं यंत्र लागत नाही. आणि भार मध्याजवळ ठेवायचा. मध्यापासून दहा सेंटिमीटरवरचा एक ग्रॅम वळताना पाच सेंटिमीटरवरच्या चार ग्रॅमएवढा जड पडतो. म्हणून दांड्यांच्या टोकांना एलईडीच्या माळा लावणाऱ्यांना मी परत पाठवते.

जीपीएसबद्दल तुम्ही बरोबर आहात, पण अर्धेच. उपग्रहाकडून येणारा सिग्नल अतिशय क्षीण असतो. कार्बन फायबर वीज वाहून नेतं, त्यामुळे त्याचं कव्हर जीपीएसच्या डोक्यावर घातलं की सिग्नल अडतो. धातूचे कण असलेला सोनेरी-चंदेरी स्प्रेही तिथे नको. शिगम्याच्या चित्ररथासारखा चकचकीत ड्रोन हवा असणाऱ्यांनी ही हौस कव्हराच्या बाजूंवर भागवावी. साधं प्लास्टिक सिग्नलला अडवत नाही, नाहीतर मूळ कव्हरातूनही तो गेला नसता. त्यापेक्षा जास्त लोक फसतात ते स्क्रूंवर. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आपल्याकडे जेमतेम ४० मायक्रोटेस्ला. ड्रोनमधल्या कंपासच्या, म्हणजे होकायंत्राच्या, शेजारी एक लोखंडी स्क्रू आला की दिशा चुकते. मूळ स्क्रू जपून ठेवा, हरवले तर पितळेचे किंवा नायलॉनचे घाला. कव्हर बदलल्यावर कंपास नव्याने कॅलिब्रेट करा, म्हणजे त्याची दिशा जुळवून घ्या, आणि ते गच्चीवर नको. स्लॅबच्या पोटात सळ्या असतात. मोकळं शेत बघा.

कायद्याचं म्हणाल तर २०२१ चे ड्रोन नियम वजन मोजतात ते उडताना अंगावर असेल त्या सगळ्यासकट. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो. नॅनोला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलला सरकारी मान्यता, लागत नाही, म्हणून तर मी प्रत्येक ग्रॅमचा हिशेब मांडते आहे. कव्हर बदलण्यापेक्षा उडवता कुठे हा प्रश्न गोव्यात मोठा आहे. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगी लागते. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत मोकळीक आहे, त्यापलीकडे ४०० फुटांपर्यंत, तीही तो भाग रेड झोनमध्ये, म्हणजे मनाईच्या क्षेत्रात, येत नसेल तर. दाबोळीचा विमानतळ तर नौदलाचा तळ. वास्को, बोगमाळो विसरा. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून पेडण्याकडच्या मंडळींचंही आकाश आखडलं आहे. सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा नकाशा बघितल्याशिवाय पंखा फिरवू नये.

'नवीन घ्या' हा सल्ला देताना तुम्ही एक गोष्ट सोडून दिलीत. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. सुट्या भागांवर नाही. म्हणजे सरकारनेच पुरा ड्रोन बाहेर ठेवला आणि स्पेअर पार्टला दार उघडं ठेवलं. अशा वेळी चालू मोटरा, चालू बोर्ड आणि तडकलेलं कव्हर असा ड्रोन भंगारात टाकायचा, हे मला तरी पटत नाही. वॉरंटीचं काय, असं विचारलंत. माडावर आपटून फुटलेल्या ड्रोनला कसली वॉरंटी?

खरं कारण मात्र वेगळं आहे, आणि ते मी दिवसभर टेबलावर बघते. म्हापशाच्या दुकानात माझ्यासमोर येतात ते बहुतेक मोबाइल, अधूनमधून ड्रोन. कळंगुट, कांदोळी, मोरजीकडून आलेला ड्रोन उघडला की बॅटरीच्या कनेक्टरवर हिरवट भुकटी दिसते. खाऱ्या हवेतला ओलावा आत शिरतो, वाळतो, मीठ मागे राहतं. पुढच्या दमट रात्री तेच मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि तांब्याला खातं. बाहेरून बॉडी नवीकोरी असते. मालक शपथेवर सांगतो, 'मॅडम, पाण्यात कधीच पडला नाही.' पडायची गरजच नसते. हे वेळेत दिसलं तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश एवढ्यावर भागतं. उशिरा दिसलं तर बोर्डावरची तांब्याची पट्टीच तुटलेली असते. 'सील मोडू नका' म्हणून जपलेले ड्रोन मी जास्त मेलेले बघितलेत. पारदर्शक कव्हर मी घातलं ते एवढ्यासाठी. हिरवं दिसायला लागलं की त्याच दिवशी दिसतं.

बोर्डावर ओलावा रोखणारं कोटिंग मारा असं कुणी सुचवलं होतं. जरूर मारा, फक्त बॅरोमीटरचं छिद्र, कनेक्टर आणि कॅमेरा झाकून. आणि मूळ कव्हराला जिथे हवेच्या फटी होत्या तिथेच नव्यालाही ठेवा. कॅमेऱ्याचा ड्रोन जमिनीवर चालू करून ठेवला की सर्वात जास्त तापतो, कारण तेव्हा पंख्यांची हवा नसते.

पोरांच्या बाबतीत तुमची काळजी रास्त आहे. दिवाळीत नरकासुराच्या रात्री गर्दीच्या डोक्यावरून ड्रोन नेणारे महाभाग मीही बघते आणि माझंही डोकं फिरतं. कुठलंही कव्हर, कसलाही गार्ड लावला तरी ड्रोन माणसांच्या डोक्यावर न्यायचा नाही. पण असं वागणारे बहुधा डबा उघडून थेट उडवणारे असतात. आपल्या हाताने कव्हर घडवलेला पोरगा ते माडावर घालताना दोनदा विचार करतो. फुगलेली बॅटरी मात्र पोरांनी दाबून, चिमटून बघू नये. ती दुकानात आणून द्या.

सगळं झोडपून झाल्यावर तुम्ही खाली हळूच विचारलंय, 'बाटली कोणती आणि साचा कशाचा?' वाचून हसू आलं. गॅसवाल्या शीतपेयाची दोन लिटरची, सरळ भिंतीची घ्या. पाण्याच्या बाटल्या पातळ असतात आणि त्यांना वळ्या असतात. मान आणि बूड कापून टाका, तिथलं जाड प्लास्टिक आकसत नाही. साचा पांगाऱ्याचा. सावंतवाडीची खेळणी करणारे वापरत आले तेच लाकूड, पॉलिशपेपरला लोण्यासारखं येतं. साचा आत घालून उरलेल्या पोकळीत पाचर ठोका, मग हीट गन लांबून, फिरवत फिरवत. प्लास्टिक दुधाळ व्हायला लागलं की ताप जास्त झाला, तो भाग पुढे तडकणार. पांगारा मडगावात मिळाला नाही तर शुक्रवारच्या बाजाराला म्हापशाला या, दुकानात एक ठोकळा पडून आहे, घेऊन जा.