मेलेल्या रानडुकराला हात का लावायचा नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

रानडुकरांमधील आफ्रिकन स्वाइन फिवरविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभार. हा रोग माणसाला होत नाही असे एकीकडे सांगायचे आणि दुसरीकडे मेलेल्या रानडुकराला हात लावू नका म्हणायचे, हे परस्परविरोधी असून लोकांना विनाकारण घाबरवणारे आहे, असा आपला आक्षेप आहे. शिवाय, ज्याची भातशेती आणि सुरण दर पावसाळ्यात रात्रीतून उकरले जातात, त्या कोकणातल्या शेतकऱ्याला रानडुकरे मेली तर बरेच वाटेल, असेही आपण लिहिले आहे.

भीतीविषयीच्या मुद्द्यात तथ्य आहे. ‘स्वाइन’ हा शब्द वाचताच लोकांना स्वाइन फ्लू आठवतो, हे मी लक्षात घ्यायला हवे होते. स्वाइन फ्लूचा विषाणू वेगळा आणि हा वेगळा. आफ्रिकन स्वाइन फिवर फक्त डुकरांच्या कुळातील प्राण्यांना होतो. हे वाक्य मी आता लेखाच्या सुरुवातीलाच घातले आहे.

मात्र विरोधाभासाचा आक्षेप मला मान्य नाही. माणूस या रोगाने आजारी पडत नसला, तरी रोग लांबवर नेतो तो प्रामुख्याने माणूसच. रानडुकरांच्या कळपांतून हा विषाणू तसा संथ गतीने पुढे सरकतो. पण २०१७ च्या जूनमध्ये तो चेक प्रजासत्ताकातील झ्लीन भागात आणि २०१८ च्या सप्टेंबरमध्ये बेल्जियमच्या दक्षिण टोकाला आढळला, तेव्हा तोवरची जवळची बाधित क्षेत्रे शेकडो किलोमीटर दूर होती. एवढे अंतर डुकरे चालून गेली नव्हती. बाधित मांसाचा उरलेला तुकडा, बुटांना लागलेले रक्त किंवा वाहन यांपैकी काहीतरी माणसाबरोबर गेले, हेच त्याचे सयुक्तिक स्पष्टीकरण आहे.

मेलेले जनावर इतके महत्त्वाचे का, हे मूळ लेखात मी फारच थोडक्यात उरकले होते. बाधित रानडुकराला ४१ अंशांच्या आसपास ताप चढतो; ते कळपापासून मागे पडते आणि अंगाची काहिली शमवण्यासाठी ओढ्याकाठी, दाट झुडपाच्या सावलीत, ओलाव्यात जाऊन पडते. कानांच्या कडा जांभळ्या पडतात, कधी नाकातून रक्तमिश्रित फेस येतो, आणि आठवडाभरात ते बहुधा मरते. अशा डुकराचे पोट फाडले, तर प्लीहा कित्येक पट सुजलेली, काळपट आणि बोट लावताच फाटेल इतकी मऊ दिसते. या रक्तात विषाणू ठासून भरलेला असतो. थंडाव्यात तो महिनोन्‌महिने टिकतो आणि मांस सडून गेल्यानंतरही हाडांच्या मज्जेत उरतो. दुसरी रानडुकरे त्या जागी येऊन कलेवराखालची माती हुंगतात, उकरतात, पुढे उघडी पडलेली हाडेही चघळतात. म्हणूनच चेक अधिकाऱ्यांनी बाधित भागाला कुंपण घातले, तिथली शिकार सुरुवातीला थांबवली, जेणेकरून बिथरलेले कळप बाहेर पळू नयेत, आणि कलेवरे शोधून उचलण्यावर भर दिला. २०१९ मध्ये तो देश रोगमुक्त जाहीर झाला. २०२२ च्या अखेरीस पोलंडच्या सीमेकडून रोग पुन्हा आत आला, हेही सांगितले पाहिजे. तरीही पहिल्या वेळचे यश त्यामुळे खोटे ठरत नाही.

‘मेली तर बरेच’ यामागची चीड मी समजू शकतो. एका कळपाने एका रात्रीत उलथलेले खाचर पाहिलेल्या माणसाला मी वन्यजीवप्रेम शिकवणार नाही. पण रोगाने रानडुकरे नाहीशी होत नाहीत. संख्या घटते खरी. तथापि मादी एका वेतात चार-सहा पिल्ले देते आणि उरलेले कळप पुन्हा वाढतात, तर रोग मात्र तिथेच रेंगाळू शकतो. त्याची खरी किंमत मोजतात ती दोन-चार डुकरे पाळून घर चालवणारी कुटुंबे. भारतात २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशात हा रोग प्रथम निश्चित झाला, तेव्हा ईशान्येकडील अशा असंख्य घरांचा आधार गेला, आणि या रोगावर उपचार नाही. आसाममधील मानसच्या गवताळ प्रदेशातील पिग्मी हॉग या अतिदुर्मीळ, अगदी लहान चणीच्या रानडुकरावरही तेव्हापासून टांगती तलवार आहे. २०२३ च्या आरंभी तमिळनाडूत, पश्चिम घाटातल्या मुदुमलाईच्या जंगलात मेलेल्या रानडुकरांमध्येही हाच विषाणू सापडला. म्हणजे हा विषय सह्याद्रीच्या रांगेला परका राहिलेला नाही.

आणि ‘माणसाला काही होत नाही’ हे विधान या एकाच रोगापुरते आहे, रानडुकराच्या सगळ्या विषाणूंना ते लागू नाही. हेपटायटिस ई या काविळीचे काही प्रकार रानडुकरांत आढळतात. जपानमध्ये रानडुकराचे कच्चे यकृत खाल्ल्यानंतर दोघांना तीव्र कावीळ झाली आणि त्यांपैकी एक दगावल्याची नोंद २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. युरोपात शिकारी कुत्र्यांना रानडुकराचे कच्चे मांस खाऊन ऑयेस्की हा विषाणूजन्य रोग होतो. कुत्रा वेड्यासारखा अंग खाजवत दोन-तीन दिवसांत मरतो.

आपल्याकडे शिकार हा गुन्हा असला, तरी आयते मेलेले डुक्कर सापडले की त्याचे वाटे पडतात, हे आपणही जाणता. आपल्या बागेच्या कडेला असे जनावर दिसलेच, तर ते ओढ्यात ढकलू नका, कुत्र्यांना जवळ जाऊ देऊ नका, आणि वनरक्षकाला व पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवा. तिथून आल्यावर चपला धुतल्याशिवाय डुकरांच्या गोठ्याकडे फिरकू नका, हे शेजारच्या पाळणाऱ्यांनाही सांगा.