पहिली 'ब'चं परराष्ट्र धोरण

पूर्वी कोल्हापुरात पोर सहा वर्षांचं झालं की त्याला तालमीत घालायचं का पंचगंगेला पोहायला न्यायचं, एवढीच चर्चा घरात व्हायची आणि ती चहा गार व्हायच्या आत संपायची. आता त्याला कोणत्या देशाच्या भाषेत घालायचं, यावर पंधरवडे जातात.

आमच्याकडे ही साथ पहिली 'ब'च्या पालक-ग्रुपवरून आली. एका मातोश्रींनी व्हिडिओ टाकला. त्यात त्यांचे चिरंजीव, ज्यांना अजून चड्डीची नाडी बांधता येत नाही, ते जपानीत आकडे म्हणत होते. इची, नी, सान, शी. जपानीत चारला 'शी' म्हणतात हे कळल्यावर अख्खा वर्ग एका दिवसात चारपर्यंत जपानी शिकला आणि तिथंच हसत लोळत राहिला, पुढं कुणी सरकेना. पण पालकांच्या पोटात गोळा आला तो आलाच. "आपली लेक फक्त मराठी-इंग्रजीच बोलते," बायको म्हणाली. 'अजून दात आले नाहीत' हे ज्या सुरात सांगतात, त्याच सुरात.

मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत हिशेब बघतो. आमचं कास्टिंग जर्मनीला जातं, त्यामुळं माझं मत जर्मनला. तिकडून येणाऱ्या ड्रॉइंगवर कोपऱ्यात बारीक अक्षरात जर्मन सूचना असतात. त्या आमच्याकडे आजवर कुणी वाचलेल्या नाहीत आणि माल मात्र नीट जातो, ही गोष्ट मी घरी सांगितली नाही.

मेहुण्याला हे पटलं नाही. तो अर्जेंटिनाचा. म्हणजे राहतो पेठेतच, पण कोल्हापुरात फुटबॉलच्या बाबतीत माणसाला दोन राष्ट्रीयत्वं असू शकतात. "दाजी, स्पॅनिश! वीस देशांची राजभाषा हाय," तो म्हणाला. त्या वीसांतल्या एकाचंच नाव त्याला येत होतं, पण आवाज असा की बाकीचे एकोणीस पाठीशी उभे आहेत. त्याच्याबरोबर आलेला दोस्त ब्राझीलवाला निघाला. ब्राझीलमध्ये पोर्तुगीज बोलतात हे मेहुण्यानं त्याला खिजवण्यासाठी सांगितलं, आणि त्यानं ते सन्मान म्हणून घेतलं. मग माझ्या लेकीनं पोर्तुगीज का शिकावं यावर तो बोलत राहिला. लेक तेव्हा शेजारच्या खोलीत मांजराला इंजेक्शन देत होती.

धाकट्या बहिणीनं फोनवरून कोरियन सुचवलं. ती रात्री दोनपर्यंत कोरियन मालिका बघते आणि सकाळी आम्हांला कोरियन पद्धतीनं वाकून नमस्कार करते. तिचा मुद्दा मात्र खरोखर चांगला होता: सेजोंग नावाच्या राजानं सामान्य लोकांना शिकायला सोपी पडावी म्हणून मुद्दाम लिपी करवून घेतली, 1446 मध्ये ती जाहीर केली, आणि आज तिची मूळ अक्षरं फक्त चोवीस. जोडाक्षरांशी चाललेली लेकीची झटापट आठवून मी क्षणभर सेजोंगच्या बाजूला गेलो. पण शहरात कोरियनचा क्लास काही सापडेना.

खरा घोळ बाबांनी घातला. बाबा निवृत्त इतिहास शिक्षक. त्यांना जगातली कुठलीही गोष्ट सांगा, ते ती कोल्हापूरपर्यंत आणून सोडतात. "इटालियन शिकवा," ते म्हणाले. का? तर छत्रपती राजाराम महाराज, म्हणजे दुसरे, युरोपच्या दौऱ्यावरून परतताना 1870 मध्ये फ्लॉरेन्सला वारले. आर्नो नदीच्या काठी त्यांचं स्मारक आहे, आणि जवळच्या पुलालाही तिथली माणसं 'भारतीयाचा पूल' म्हणतात. "आणि अलीकडचं बघ," बाबा थांबायला तयार नव्हते, "2025 च्या जूनमध्ये मिलानमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या. बोंब झाल्यावर त्यांची माणसं इथं आली. त्यांच्याशी त्यांच्या भाषेत भांडायला कोणतरी नको?" सहा वर्षांच्या पोरीनं इथल्या चपलांच्या बाजारात, चप्पल लाइनीत, उभं राहून इटालियनमध्ये भांडावं हे चित्र बायकोलाही क्षणभर आवडलं. भांडण्यातली तयारी चांगली आहे म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी स्वतःच इटली सोडली आणि पोलंडला गेले. दुसऱ्या महायुद्धात निर्वासित झालेले सुमारे पाच हजार पोलिश लोक 1943 ते 1948 या काळात आपल्या वळिवड्याला राहत होते. बायका-पोरंच जास्त. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं व्हायची. महावीर गार्डनमध्ये त्यांचं स्मारक आहे. आम्ही तिथं भेळ खातो आणि पुढं जातो. हे सगळं ऐकताना मला खरंच भरून आलं. एवढं मोठं परकं गाव आपल्या शेजारी पाच वर्षं नांदलं, आणि आपल्याला त्यांच्या भाषेत 'जेवलास का' एवढंही विचारता येत नाही. पण पोलिशला सात विभक्त्या आहेत हे कळल्यावर बायकोनं भरून आलेलं माझं मन तिथंच रिकामं केलं. "मराठीच्या आठ कुणी करायच्या?"

फ्रेंचची बाजू मांडायला कुणीच नव्हतं, म्हणून मीच मांडली. आमच्या वेळी अकरावीला मार्क पाडायला ज्यांनी फ्रेंच घेतली, त्यांची आठवण अजून बोचते. पण पुस्तक उघडलं तर आकडे! ऐंशी म्हणजे चार वीस. सत्त्याण्णव म्हणजे चार वीस, दहा, सात. मी हे हसत हसत आईला वाचून दाखवलं. आई शेंगा निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "मग त्यात काय? आमच्या आईनं जन्मभर आंबं 'चार इसा, पाच इसा' असंच मोजलं. शाळेत गेली नव्हती ती." एका वाक्यात पॅरिस आमच्या आजोळी आलं. तरी फ्रेंच बाद झाली, कारण क्लास रुईकर कॉलनीत आणि वेळ दुपारी दोनची. तेव्हा लेक झोपते, आणि तिला झोपेतून उठवण्याची भाषा अजून कुठल्याच देशात तयार झालेली नाही.

मधल्या काळात मी नवं राष्ट्रीय शिक्षण धोरणही वाचलं. 2020 च्या त्या धोरणात कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन अशी नावं आहेत, पण माध्यमिक पातळीवर. हे मी ग्रुपवर टाकलं. थोडा वेळ शांतता. मग एका वडिलांनी लिहिलं, "तोपर्यंत बाकीची मुलं पुढं गेलेली असतील." कुठं गेलेली असतील हे विचारायची हिंमत माझ्यात नव्हती.

ॲपचाही प्रयोग झाला. त्यातलं हिरवं घुबड लेकीला आवडलं. तिनं त्याला शेंगदाणे दाखवले, टोपी काढून दिली, आणि शब्द एकही घेतला नाही. मला वाटलं, पोरीतच काही कमी आहे. मग 2003 चा एक प्रयोग वाचनात आला. अमेरिकेत पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी ऐकवलं. काहींना समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून, काहींना पडद्यावरून. माणसाशी खेळलेल्या बाळांना चिनी ध्वनींतले फरक ओळखता येऊ लागले. पडद्यासमोरची बाळं होती तिथंच राहिली. म्हणजे बाळांना उगाच नावं ठेवू नयेत, त्यांना माणूस लागतो. हे वाचून मी घुबड मोबाइलमधून काढून टाकलं. ते अजून मला ईमेल पाठवतं, 'आम्हांला तुमची आठवण येते' म्हणून. घरातल्या कुणी मला असं पत्र पाठवल्याचं स्मरत नाही.

शेवटी यादीत दोन नावं उरली. जपानीचा क्लास नागाळा पार्कात, जर्मनचा राजारामपुरीत. जपानीच्या बाजूनं बरंच होतं. क्रियापद मराठीसारखं शेवटी येतं, त्यामुळं वाक्य संपेपर्यंत नाही म्हणायला वाव राहतो. विरुद्ध एवढंच की लिप्या तीन, आणि त्यातल्या कांजीची रोजच्या वापराची चिन्हंच दोन हजारांवर. जर्मनच्या बाजूनं माझी फौंड्री. विरुद्ध असं की मुलांसाठीची तिथली पहिली परीक्षा दहाव्या वर्षापासून पुढची, म्हणजे भिंतीवर लावायला सर्टिफिकेट चार वर्षं नाही. यावर घरात मतदान झालं, बरोबरी झाली, मेहुण्यानं स्पॅनिशला टाकलेलं मत बाद धरण्यावरून वाद झाला.

निकाल रिक्षामामांनी लावला. शाळेतून पोरांना तेच नेतात-आणतात. मी सहज म्हणालो, मामा, बुधवारी जरा नागाळा पार्कला सोडाल का?

"जपानी जमायचं न्हाई, दादा," मामा म्हणाले. "तिकडं जाणारी दोनच पोरं. उलटं जावं लागतंय, पेट्रोलपण सुटंना. जर्मनला सात हायत. राजारामपुरी वाटंवरच. तिथनं टाकाळा, तिथनं तुमचं सागरमाळ."

मी मामांकडे बघत राहिलो. एवढं स्वच्छ परराष्ट्र धोरण मी त्या पंधरवड्यात ऐकलं नव्हतं.

लेक जर्मनला जाऊ लागली. मॅडम पुण्याच्या. शिकवतात छान, गाणी म्हणून घेतात, पोरांबरोबर जमिनीवर बसतात. पहिल्या आठवड्यात लेकीनं घरी येऊन सांगितलं की जर्मनमध्ये 'मुलगी' हा शब्द नपुंसकलिंगी असतो. बायकोला ते अपमानास्पद वाटलं. आईला नाही. "पोरगं कुठं उलथलं, असंच म्हणतो की आपण तिला."

मग एका संध्याकाळी मॅडमचा मेसेज आला. प्रगती उत्तम आहे, उच्चार स्वच्छ आहेत, फक्त एक विनंती. 'मुलगी निघताना "मॅडम, मी जातो" म्हणते, आल्यावर "मी आलो" म्हणते. घरी थोडं लक्ष द्यावं.'

मी तो मोठ्यानं वाचला. घरात विचित्र शांतता पसरली. कारण आमच्या घरात 'मी जाते' असं आजवर एकाही बाईनं म्हटलेलं नाही. आई म्हणत नाही, आत्या म्हणत नाही, बायको लग्न होऊन सांगलीहून आली ती वर्षभरात 'जातो' म्हणू लागली.

आईनं नातीला जवळ बोलावलं. "बाळा, जर्मन बाई 'मी येतो' कसं म्हणती?"

"इश कोमं."

"आणि जर्मन बाप्या?"

लेकीनं जरा विचार केला. "इश कोमं."

"दोघंबी एकच?"

"एकच."

आई माझ्याकडे वळली. "मॅडमना लिही," ती म्हणाली, "की पोरगं आधीपास्नंच जर्मन बोलतंय. फी कमी करत्यात का विचार."