नाव नोंदवायच्या आधी घरच्यांशी बोला

क्रायोनिक्स म्हणजे पुढे कधीतरी जिवंत करता येईल या आशेने मृत्यूनंतर देह गोठवून ठेवणं. त्यावरच्या एका लेखातला 'धडधाकट असतानाच क्रायोनिक्ससाठी सही करा' हा लेखकाचा आग्रह व्यवहाराला धरून आहे. त्यामागचं खरं कारण मात्र लेखात नीट आलं नाही. बहुतेक लोक हा खर्च आयुर्विम्यातून भागवतात, आणि कॅन्सरचं निदान झाल्यावर कुठली कंपनी विमा देणार? अमेरिकेत मिशिगनच्या क्रायोनिक्स इन्स्टिट्यूटचा दर आजीव सभासदांना २८,००० डॉलर, ॲरिझोनातल्या अल्कोर या संस्थेचा पूर्ण देहासाठी दोन लाखांच्या वर.

पण पैशांइतकाच घरच्यांचाही प्रश्न आहे. २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या १४ वर्षांच्या एका मुलीला मरणाच्या दारात असताना हायकोर्टाकडे दाद मागावी लागली, कारण तिच्या आईवडिलांचं यावर एकमत नव्हतं. निकाल तिच्या बाजूने लागला आणि देह अमेरिकेत नेला. बिचारीचे शेवटचे दिवस यात गेले.

आणि सही झाली म्हणजे झालं, असंही नाही. देह ज्यात ठेवतात तो उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन सतत उडून जातो, तो वर्षानुवर्षं भरत राहावा लागतो. कॅलिफोर्नियातल्या चॅट्सवर्थच्या दफनभूमीत ठेवलेले देह पैसे आटल्यावर वितळले. १९६७ साली गोठवलेले जेम्स बेडफर्ड टिकले, कारण कुटुंबाने बरीच वर्षं त्यांची राखण केली.

आजवर एकही माणूस उठून बसलेला नाही, हे लेखकाने एका ओळीत उरकलंय. लोकांना सही करायला सांगताना ते पहिल्या परिच्छेदात यायला हवं होतं.