‘आधी ग्रामर सुधारा’ म्हणण्याआधी

ऑनलाइन वादात समोरच्याचं इंग्रजी चुकलं की तिथल्या तिथे सुधारावं, त्यात त्याचंच भलं आहे. ज्याला धड वाक्य लिहिता येत नाही, त्याच्या मुद्द्यात काय दम असणार? हा दावा आणि सोबत ‘हमखास चुकां’ची यादी सतत शेअर होत असते. त्या यादीतल्या बऱ्याच गोष्टी मुळात चुका नाहीतच.

वाक्य प्रिपोझिशनने संपवू नये, म्हणजे ‘हू आर यू टॉकिंग टू’ चूक, हा त्यातला लाडका नियम. कवी जॉन ड्रायडनने १६७२ मध्ये नाटककार बेन जॉन्सनच्या लेखनात हा दोष काढला होता. पुढे रॉबर्ट लाउथने १७६२ च्या आपल्या व्याकरणाच्या पुस्तकात एवढंच म्हटलं की गंभीर लेखनात प्रिपोझिशन आधी घेतलेलं शोभतं, पण इंग्रजीचा कल ते शेवटी ठेवण्याकडेच आहे. शैलीचा सल्ला होता, लोकांनी त्याचा कायदा केला.

‘टू’ आणि क्रियापद यांच्यामध्ये शब्द घालू नये, हा नियम एकोणिसाव्या शतकात रुजला. तो पाळताना अर्थ बिघडू शकतो. ‘वी डिसाइडेड टू ग्रॅज्युअली रेझ द फी’ म्हणजे फी हळूहळू वाढणार. ‘वी डिसाइडेड ग्रॅज्युअली टू रेझ द फी’ असं ‘सुधारलं’ की निर्णयच हळूहळू झाला असं वाटतं.

एका व्यक्तीसाठी ‘दे’? चौदाव्या शतकापासून इंग्रजीत आहे. ‘यू’सुद्धा आधी अनेकवचनीच होतं. ‘सर आले’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला तर हे खटकायलाच नको.

मोजता येणाऱ्या गोष्टींना ‘लेस’ नव्हे, ‘फ्यूअर’, हा भेद लेखक रॉबर्ट बेकरने १७७० मध्ये स्वतःची पसंती म्हणून मांडला. औपचारिक लेखनात तो जरूर पाळा. पण अंतर, वेळ, पैसे यांना तो लागू नाही. ‘लेस दॅन टेन किलोमीटर्स’ बरोबरच आहे.

‘प्रीपोन’, म्हणजे ठरलेली तारीख अलीकडे आणणं, ऑक्सफर्डच्या कोशात आहे. पुण्यातल्या पुण्यात बिनधास्त वापरा. लंडनला मेल जाणार असेल तर जुनी आणि नवी तारीख दोन्ही लिहा, कारण तिथे ‘प्रीपोन’ फारसं ओळखीचं नाही आणि त्याऐवजी लिहिलेल्या ‘मूव्ह फॉरवर्ड’चा अर्थ कोणी अलीकडे घेतो, कोणी पलीकडे.

खऱ्या चुका वेगळ्याच असतात आणि त्यांना कारणं असतात. ‘आय डिडन्ट वेन्ट’मध्ये भूतकाळ दोनदा आला, ‘डिड’ने तो घेतल्यावर क्रियापद मूळ रूपात, ‘गो’, राहतं. ‘वन ऑफ माय फ्रेंड’मागे आपलं ‘माझा एक मित्र’ आहे. इंग्रजीत ‘अनेकांपैकी एक’ म्हणायचं असल्याने ‘फ्रेंड्स’ हवं. ‘डिस्कस अबाउट’ हे ‘-विषयी चर्चा’ मधून येतं. ‘अबाउट’ काढलं की झालं. अपॉस्ट्रॉफीवाल्या ‘इट्स’च्या जागी ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ घालून वाचा. बसलं नाही तर अपॉस्ट्रॉफी नको. ही चूक कित्येकदा फोनचा ऑटोकरेक्टच करतो.

आता मुद्द्याचा दम. ‘आय डिडन्ट वेन्ट देअर’ लिहिणारा तिथे गेला होता की नाही, हे पुराव्याने ठरतं, क्रियापदाने नाही. त्याच्या आकडेवारीला उत्तर नसताना अपॉस्ट्रॉफी दाखवणं ही सरळ बगल आहे. आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेत लिहिणारा माणूस चारचौघांत अशी टोचणी खाऊन शिकत नाही, लिहिणं थांबवतो.

अर्थ पालटत असेल तर मात्र बोलायलाच हवं. ‘नाऊ’ आणि ‘नॉट’ यांत एका अक्षराचा फरक. ‘द ब्रिज इज नाऊ सेफ’ असं दिसलं आणि बाकीचा मजकूर उलट सांगत असेल, तर ‘नॉट म्हणायचंय का?’ असं सर्वांसमोर लगेच विचारावं. बाकी दुरुस्ती खासगी मेसेजमध्ये, एका वेळी एकच, बरोबर वाक्य पूर्ण लिहून आणि कारण एका ओळीत. ‘ग्रामर बघा’ एवढंच लिहिलं तर काय बघायचं तेच कळत नाही.

पाठवण्याआधी स्वतःचा मेसेज पुन्हा वाचा. दुसऱ्याची चूक काढणाऱ्या मजकुरात हमखास एक चूक असते, या नियमाला ऑस्ट्रेलियन संपादक जॉन बँगसंडने १९९२ मध्ये ‘मफ्रीचा नियम’ असं नाव दिलं. ‘जे बिघडू शकतं ते बिघडतंच’ या ‘मर्फीच्या नियमा’तला ‘मर्फी’ इथे मुद्दाम चुकवून लिहिलाय. तो दुरुस्त करू नका.